जांभळा रंग आणि मोठीआईचा उपास

हल्ली दुपारचं जेवण झालं की मी एक बारीकशी पांढरी गोळी घेते. रक्त पातळ राहावं म्हणून ती आता कायमची घ्यायची आहे. लिहून देणारा डॉक्टर माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. मी शिकवलेलं रसायनशास्त्र त्याला कितपत समजलं याची मला तेव्हाही शंका होती. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "मॅडम, कानात आवाज वगैरे येत नाही ना?" मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तो बिचारा घाबरला, त्यानं पुन्हा बीपी मोजलं. त्याला काय सांगणार? या गोळीतल्या द्रव्याची आणि माझी ओळख जुनी आहे. ती मोठीआईमुळे झाली, आणि त्यात मी अशी गोंधळले की पुढं सगळी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात काढूनही तो गोंधळ पुरता निस्तरलेला नाही.

मोठीआई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, मूलबाळ नव्हतं, आणि ती आमच्यातच राहिली. आमचं घर शहराच्या इतवारा भागात, आणि मागच्या भिंतीला लागून पॉवरलूम. दिवसभर खटाखट, खटाखट. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. वीज गेली आणि लूम थांबले की मात्र दुपारची झोपलेली माणसं दचकून उठायची. त्या खटाखटीत मोठीआईचा स्वयंपाक चालायचा. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडजीत ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या, आणि सणाला रवा-साखर-तूप फेसून फेसून दराबा करायचा. फेसताना तिचे दंड थरथरायचे, पण ती कुणाला हात लावू देत नसे. घर तिच्या हाताचं खायचं, पण तिचं ऐकायचं कुणी नाही. ती काही बोलायला लागली की बाबा पेपर उघडायचे, आई "हो ताई, हो" म्हणत दुसऱ्या खोलीत जायची, आणि मी कॉलेजात शिकणारी विदुषी. मला तर वेळच नसायचा.

तिचे गुडघे गेले होते. सकाळी उठताना ती भिंतीला धरून आधी एक पाय सरळ करायची, मग दुसरा, आणि प्रत्येक वेळी देवाचं वेगळं नाव घ्यायची. तिचा भाऊ, रामदास मामा, धूलकोट गावी राहायचा. तो केळीच्या गाडीबरोबर शहरात आला की तिच्यासाठी पुड्या आणायचा. तिथल्या बाजारात एक जडीबुटीवाला बसे, त्याच्या पुडीनं म्हणे अंथरुणाला खिळलेली माणसं उठून शेतात गेली होती. कागदाच्या चौकोनी घड्या, आत पांढुरकी पूड, सुंठीचा वास. पहिल्याच आठवड्यात मोठीआई जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालून आली. आम्ही सगळे खूश. रोजच्या दोनाच्या चार पुड्या झाल्या, चाराच्या सहा झाल्या, ते मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मग एका सकाळी भाकरी थापता थापता ती थांबली. "नंदे, लूम बंद हाय ना?"

वीज गेलेली होती. मी म्हटलं, "बंद आहे की."

"मंग हे काय वाजून राह्यलं? बारीक. घुंगरावानी. दोन्ही कानात."

मी म्हटलं मळ असेल, तेल घाल. तिनं तेल घातलं. आवाज वाढला. शेजारच्या सुमनबाईंना हे कळलं आणि सगळं बदललं. सुमनबाई प्रवचनं सोडत नसत. त्यांनी मोठीआईला पाटावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "कोनी न वाजवता वाजते का? झोपेतून उठल्याबरोबरबी वाजते का?" मोठीआई म्हणाली, "व्हय बाई." सुमनबाईंनी सरळ तिच्या पायावर डोकं ठेवलं. हा अनाहत नाद, त्या म्हणाल्या. मोठमोठ्या योग्यांना जन्म घालवून जो ऐकू येतो, तो हिला चुलीपुढं बसून लाभला. मोठीआईनं पाय आखडून घेतले, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. आपलं कुणीतरी ऐकतंय, यावरच तिचा आधी विश्वास बसेना.

दर गुरुवारी बाया यायला लागल्या. आठ-दहा जणी, चटईवर. एकेक जण पुढं येऊन मोठीआईच्या कानाला आपला कान लावायची. "आला का आवाज?" "आला, आला वाटते." मीही एकदा लावला. मला काहीतरी घुमल्यासारखं ऐकू आलं. कानाला वाटी लावली तरी असंच ऐकू येतं हे मला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला तो आलाच. बाबा गुरुवारी पेपर घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसू लागले. पण आत जाताना मोठीआईशी ते आता जरा हळू आवाजात बोलायचे, आणि ती काय म्हणते ते उभं राहून ऐकायचे.

ती मात्र आम्हाला ऐकेनाशी झाली. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या आणि डाळ करपायची. दूध उतू जायचं. हाक मारली तर ती भलतीकडे बघायची. श्वास भराभर चालायचा, बसल्या जागी, धावून आल्यासारखा. सुमनबाई म्हणाल्या, प्राण आपोआप वर चढून राह्यला. खाल्लेलं तिच्या पोटात ठरेना, तर त्या म्हणाल्या, देह शुद्ध होतोय. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं आणि माझ्याकडे एकाही गोष्टीला नव्हतं.

उत्तर मिळालं ते प्रयोगशाळेत, तेही न मागता. आमच्या दुबे मॅडम इंदूरकडच्या, हिंदीत शिकवायच्या. त्या दिवशी सॅलिसिलिक आम्ल होतं. पांढरे, सुईसारखे स्फटिक. पाण्यात विरघळवून त्यात फेरिक क्लोराईडचे दोन पिवळे थेंब टाकले, की परीक्षानळीत पिकल्या जांभळाचा रंग पसरतो. इतका सुरेख रंग मी त्याआधी नळीत पाहिला नव्हता. मग मिथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून गरम केलं, पाण्यात ओतलं, तर प्रयोगशाळाभर दुखण्यावरच्या मलमाचा वास. सगळ्या मुली "आजी, आजी" म्हणून हसायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, अ‍ॅस्पिरिन याच घराण्यातलं. आणि जाता जाता, "ज्यादा खा लो तो कान बजने लगते हैं." वर्ग पुन्हा हसला. माझ्या हातातली नळी तशीच राहिली.

मी फेरिक क्लोराईड डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणलं. विचारून आणलं असतं तर मॅडमनी दिलं असतं, पण मला विचारायची लाज वाटली. गच्चीवर बसून मोठीआईची एक पुडी पाण्यात ढवळली, गाळली आणि थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. जांभळं नाही. आणखी दोन थेंब. आणखी पिवळं. मी ताठ बसले. म्हणजे पुडी निर्दोष! म्हणजे मग आवाज? मला आनंद व्हायला हवा होता, झाली भीती. विज्ञान शिकणारी मुलगी मी, गच्चीवर एकटी बसून विचार करत होते की आपल्या घरात खरंच काही उतरलंय की काय.

तरी चैन पडेना. कॉलेजात फुकट साखर तपासतात अशी थाप मारून मी मोठीआईकडून तपासायला लघवी मागितली. "मले काय साखर होते व," असं म्हणत तिनं लाजत बाटली दिली. पहिल्या थेंबांना नुसता मातकट गाळ आला. मी थेंब टाकत राहिले, आणि एकाएकी जांभळाचा रंग. तोच. आता तर डोकंच चालेना. पुडीत नाही आणि मोठीआईत आहे! पुडीत नसलेली गोष्ट तिच्या शरीरात आली कुठून? त्या दिवशी सुमनबाईंनी मला पाटावर बसवलं असतं तर मीही बसले असते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं, चोरीसकट. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, रेणूच्या ज्या टोकाला फेरिक क्लोराईडमधलं लोह धरून रंग देतं, अ‍ॅस्पिरिनमध्ये तेच टोक झाकलेलं असतं. नळीत ते झाकण तसंच राहतं, शरीर मात्र काढून टाकतं. पूड आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळ, गार कर, आम्ल घाल, मग बघ. मी सोबत नेलेल्या पुडीचं तिथंच तसं केलं. आम्ल घालताना आंबूस, शिरक्याचा वास आला, पांढरे कण खाली बसले, आणि त्यांनी जांभळा रंग दिला. जडीबुटीवाल्याची जडीबुटी म्हणजे सुंठीत घोळलेलं अ‍ॅस्पिरिन होतं. दिवसाला सहा पुड्या! मॅडमचा चेहरा उतरला. "बंद करो, आज ही. डॉक्टर के पास ले जाओ. कान तो जाएँगे ही, जान भी जाएगी."

इथं मी जे केलं ते मला आजही धड समजावता येत नाही. घरी येऊन सांगायचं होतं. पण तो गुरुवार निघाला. चटईवर बाया, मधे मोठीआई नवीन निळ्या लुगड्यात, आणि बाबा दारात उभे राहून तिचं बोलणं ऐकतायत. मी स्वयंपाकघरात गेले, सुंठ, पिठीसाखर आणि आंबट चव यावी म्हणून चिमूटभर लिंबूफूल खलात कुटलं आणि तिच्या सगळ्या पुड्या बदलून टाकल्या. मला वाटलं आवाज आपोआप विरेल, तिच्या लक्षातही येणार नाही, आणि कुणाचाच अपमान होणार नाही. केवढी शहाणी होते मी!

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठीआईची हाक आली. "नंदे, लूम चालू हाय का?" चालू होते. "मले लूम ऐकू येऊन राह्यले," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मला वाटलं आनंदानं. "तो गेला व. नाद गेला. माह्याकडून काय चुकलं?"

तिनं आठवून आठवून चुका काढल्या. चुलीपुढं बसून कुणाबद्दल वाईट बोलली होती, बायांनी पाया पडताना मनात गुदगुल्या झाल्या होत्या. तिनं नेम केला: नाद परत येईपर्यंत अन्न नाही, नुसतं पाणी. पुडीदेखील नाही. आईनं समजावलं, बाबा ओरडले. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची आणि कान लावायची. लूमची खटाखट तेवढी यायची. उपासाच्या चौथ्या दिवशी तिचा उभं राहताना झोक गेला आणि आईनं धरलं नसतं तर ती चुलीवर पडली असती. मी एक शब्द बोलले असते तरी झालं असतं. तो शब्द मी का बोलले नाही? रोज वाटायचं, आज भूक लागेल आणि खाईल. शिवाय मनात एक आशा होती, जिची मला लाज वाटते: अंगातलं औषध पुरतं गेलं असं नळीनं सिद्ध केलं, की मग सांगावं. पुराव्याशिवाय बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं ना!

तर मी पुन्हा बाटली मागितली. पुन्हा थेंब टाकले. आणि पुन्हा रंग आला. गडद.

माझं डोकं फिरलं. म्हणजे ही उपासाचं नाटक करते आणि मामाकडून चोरून पुड्या मागवते! नळी हातात घेऊन मी तशीच खाली धावले. आई, बाबा, समाचाराला आलेल्या सुमनबाई, सगळे होते. मी सगळ्यांसमोर सगळं ओकले. पुडीत काय आहे, नाद कशाचा होता, मी पुड्या कशा बदलल्या. "आणि तरी तू चोरून घेतेस! हा बघ रंग!" बाबांनी नळीकडं पाहिलं, मग मोठीआईकडं, आणि त्यांच्या तोंडावर तो जुना, पेपर उघडतानाचा भाव परत आला.

मोठीआई भिंतीला टेकून होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "पाच दिस झाले, पान्याबिगर काही घेतलं नाही. देवाशप्पथ. तुहा रंग म्हन्ते घेतलं. मंग तुहा रंग खोटा बोलते, नंदे. आज खोटा बोलला, तं तवाबी खोटाच बोलला असंल. नाद खरा व्हता. माहाच काही चुकलं." आणि तिनं डोळे मिटून घेतले.

तिचं म्हणणं बिनचूक होतं. मी पुढं इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण एवढं नेमकं बोलणारा विद्यार्थी मला भेटला नाही. ती खरं बोलत असेल तर माझी परीक्षा खोटी, आणि परीक्षा खोटी तर तिनं नेम मोडायचं काहीच कारण नाही. ती तशीच बसून राहणार, कधीही न येणाऱ्या आवाजाची वाट बघत, आणि तो आवाज बंद केलेला मी.

मी चपला न घालता कॉलेजात पळत गेले. दुबे मॅडम वह्या तपासत होत्या. माझं धाप लागलेलं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. "खाना खा रही हैं?"

"नाही. पाच दिवस उपास. नुसतं पाणी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "उबाला था?"

मी उकळलं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायची मला सवय नव्हती. मॅडम म्हणाल्या, माणूस उपाशी राहिला की शरीर आपलीच चरबी जाळतं, त्यातून एक आम्ल लघवीत उतरतं, तेही फेरिक क्लोराईडला रंग देतं. पण ते उकळल्यावर उडून जातं. सॅलिसिलेट उडत नाही. "और रंग ठीक से देखा था? जामुनी था या लाल?"

मी आठवू लागले. लालच होता. बिटाच्या पाण्यासारखा. मी जांभळा बघायला गेले होते म्हणून मला जांभळा दिसला.

घरी आले. मोठीआईसमोर बसले आणि तिसऱ्यांदा बाटली मागितली. आई म्हणाली, "पुरे कर आता, नंदा!" पण मोठीआईनं बाटलीसाठी हात पुढं केला, आणि आईच्या खांद्यावर भार टाकून उठली. ती का उठली, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या समोरच मी नमुन्याचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसरा स्पिरिटच्या दिव्यावर उकळला, चांगला बराच वेळ, आणि गार होऊ दिला. दोन्ही नळ्या एकटीनं धरून थेंब टाकता येईनात, म्हणून बाबांनी येऊन न उकळलेल्या भागाची नळी धरली. दोन्हींत थेंब टाकले. न उकळलेला लाल झाला. उकळलेल्यात मातकट गाळ आला, मग नुसता पिवळटपणा. मी थेंब टाकत राहिले. जांभळा नाही, लाल नाही, काही नाही.

"मोठीआई, तू काही घेतलं नाहीस," मी म्हटलं. "मीच चुकले. मला नीट येत नव्हतं. तू खरं बोलत होतीस." आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिच्या लुगड्याला मलमाचा वास येत होता.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ती दोन्ही नळ्यांकडं बघत होती. म्हणाली, "मंग पहिल्या वेळचा जांभळा? तो पुडीचाच?"

"हो."

"नादबी पुडीचाच."

"हो, मोठीआई."

लूम चालले होते. सुमनबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. बाबा नळी हातात धरून तसेच उभे, कुठं ठेवावी हे न सुचून. मोठीआईनं लाल नळीकडं बोट केलं.

"अन् हा रंग कशाचा म्हन्ते तू?"

"उपासाचा. तू खरंच काही खाल्लं नाहीस, म्हणून आलाय."

तिनं ती नळी बाबांच्या हातून घेतली, उजेडाकडं धरली आणि पुष्कळ वेळ पाहिली.

"मंग उपास तरी माहा खरा व्हता," ती म्हणाली. तिनं नळी माझ्या हातात दिली. "वाढ आता."

आईनं मऊ भात केला होता, तो मी वाढला. तूप कमी पडलं, तर तिनं आणखी मागितलं.